हवामान सांगणे हाही हवामानशास्त्राचाच भाग

२६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही नवी अंदाज-प्रणाली भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या सेवेत दाखल झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ही प्रणाली वातावरणाची गणिते ६ किलोमीटरच्या चौकटींत सोडवते. आधीच्या प्रणालीची चौकट १२ किलोमीटरची होती. पूर्वी जो प्रदेश एका चौकटीत मावत असे, त्यासाठी आता चार चौकटी उपलब्ध आहेत. त्यापूर्वी सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात 'अर्का' आणि नोएडात 'अरुणिका' हे महासंगणक कार्यान्वित झाले होते, आणि त्याच महिन्यात २ हजार कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम'ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. विज्ञानप्रेमींनी या बातम्यांचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. वातावरणाचे भाकीत हा भौतिकशास्त्रातील अत्यंत कठीण प्रश्नांपैकी एक आहे आणि आपला देश त्यात खरोखरच पुढे गेला आहे.

परंतु या साऱ्या बातम्यांत एक प्रश्न विचारला गेला नाही. महासंगणकातून बाहेर पडलेला अंदाज सामान्य माणसाच्या भाषेत, त्याला उमजेल अशा रीतीने सांगणार कोण? रडार, उपग्रह आणि संगणक यांवर आपण मनःपूर्वक खर्च करतो. पण अंदाज आणि श्रोता यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाचा विचार आपल्या विज्ञानधोरणात जवळजवळ नाही. दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारा हवामानशास्त्रज्ञ हा व्यवसाय म्हणून आपल्याकडे रुजलाच नाही. तो रुजायला हवा, आणि विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याकडे गांभीर्याने पाहायला हवे, एवढेच या लेखात मांडायचे आहे. त्यासाठी आधार घेतो तो एका तमिळ शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा.

चेन्नईच्या प्रादेशिक हवामान केंद्रातील एस. आर. रमणन हे नाव महाराष्ट्रात फारसे परिचित नाही. तमिळनाडूत मात्र ते घराघरांत ठाऊक आहे. ते चेन्नईच्या क्षेत्रीय चक्रीवादळ इशारा केंद्राचे संचालक होते आणि ३१ मार्च २०१६ रोजी निवृत्त झाले. त्यांचे कार्यालय नुंगमबाक्कम भागात, जिथे १७९२ मध्ये मद्रास वेधशाळा उभी राहिली त्या परिसरात. दरवर्षी ऑक्टोबर उजाडला, की या कार्यालयात दूरचित्रवाणी वाहिन्यांचे प्रतिनिधी गोळा होत. समोर ध्वनिक्षेपकांची गर्दी असे, आणि रमणन शांत, काहीशा एकसुरी आवाजात तमिळमधून सांगत, की बंगालच्या उपसागराच्या नैर्ऋत्य भागात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे, ते अमुक दिशेने सरकत आहे, पुढील चोवीस तासांत या या जिल्ह्यांत मुसळधार पावसाची शक्यता आहे, आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

या वर्णनात नाट्यमय काहीच नाही. तरीही हा माणूस तमिळनाडूत लोकप्रिय झाला, याचे पहिले कारण तेथील हवामानात आहे. आपल्याकडे पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. तमिळनाडूच्या वार्षिक पावसाचा जवळपास निम्मा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाचा असतो आणि चेन्नईत तर तो निम्म्याहूनही अधिक असतो. हा पाऊस नैर्ऋत्य मोसमी पावसासारखा सलग पडत नाही. बंगालच्या उपसागरात एखादे कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते आणि किनाऱ्याकडे येते, तेव्हा दोन-चार दिवस तो कोसळतो. मग पुन्हा ऊन पडते. वर्षभराचे पिण्याचे पाणी, भाताचे पीक आणि शहरातील पूर या तिन्ही गोष्टी अशा मोजक्या प्रणालींवर अवलंबून असतात. साहजिकच 'समुद्रात काय शिजते आहे' हा तेथे प्रत्येक घराचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देणारा चेहरा वर्षानुवर्षे एकच राहिला. लोक त्या चेहऱ्याला ओळखू लागले, आणि त्याच्यासोबत त्याच्या शब्दांनाही.

'काट्रळुत्त ताळ्वु निलै' आणि 'काट्रळुत्त ताळ्वु मंडलम' हे तमिळमधील दोन पारिभाषिक शब्दप्रयोग. पहिला कमी दाबाच्या क्षेत्रासाठी, दुसरा त्याच्या पुढच्या, अधिक तीव्र अवस्थेसाठी. हे शब्द पाठ्यपुस्तकांतून लोकांच्या ओठी आले नाहीत. रमणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निवेदनांतून ते चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. शाळकरी मुले तर हे निवेदन कान देऊन ऐकत, कारण मुसळधार पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी. समाजमाध्यमांच्या काळात रमणन यांच्यावर विनोदी चित्रांचा पाऊस पडला. ते पाऊस सांगतात तेव्हा ऊन पडते, अशी थट्टाही झाली. ते निवृत्त झाले, तेव्हा शासकीय सेवेतील एका शास्त्रज्ञाची निवृत्ती ही राज्यभर बातमी ठरली.

ही लोकप्रियता गमतीची म्हणून सोडून देता येत नाही. रमणन हे निवेदक म्हणून नेमलेले नव्हते. नकाशे, उपग्रहचित्रे आणि रडारवरील नोंदी पाहून इशारा निश्चित करणाऱ्या केंद्राचे ते प्रमुख होते आणि तोच इशारा ते स्वतः सांगत. प्रश्न आला तर उत्तर देण्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाला दूरध्वनी करावा लागत नसे. 'खात्री नाही' हे सांगण्याचा अधिकारही त्यांच्याजवळ होता, कारण अनिश्चितता नेमकी कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे सातत्य. पावसाचे आणि कोरडे, दोन्ही प्रकारचे दिवस त्यांनी त्याच आवाजात सांगितले. साध्या दिवसांत अशा माणसाकडे जो विश्वास थोडा थोडा जमा होतो, तोच संकटाच्या दिवशी उपयोगी पडतो. चक्रीवादळाच्या आदल्या रात्री एखाद्या अनोळखी व्यक्तीला पडद्यावर आणून तो विश्वास उसना मिळत नाही. डिसेंबर २०११ मधील 'ठाणे' चक्रीवादळ असो, ऑक्टोबर २०१२ मधील 'नीलम' असो, तमिळ प्रेक्षकांना इशारा देणारा आवाज आधीपासून ओळखीचा होता.

याच कारकिर्दीने या भूमिकेच्या मर्यादाही दाखवल्या. शाळांना सुट्टी जाहीर करणे हे जिल्हाधिकाऱ्यांचे काम. पण मुलांच्या, आणि पुष्कळ पालकांच्याही लेखी सुट्टी 'रमणन देत'. अंदाज आणि निर्णय यांतील सीमारेषा लोकमानसात पुसली गेली होती. सुट्टीच्या बाबतीत हा गोंधळ निरुपद्रवी वाटतो. पुराच्या बाबतीत तसा तो नसतो.

२०१५ च्या नोव्हेंबरात चेन्नईच्या नुंगमबाक्कम केंद्रावर एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. जमीन, तलाव आणि नद्या आधीच भरलेल्या असताना १ डिसेंबरला पुन्हा आभाळ फाटले. चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटर आणि नुंगमबाक्कम येथे २९ सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडले गेले, अड्यार नदी पात्राबाहेर आली आणि शहराचा मोठा भाग बुडाला. अति मुसळधार पावसाची शक्यता हवामान विभागाने वर्तवली होती. मात्र तांबरमला इतके आणि नुंगमबाक्कमला तितके, हे सांगणे त्या काळी शक्य नव्हते आणि आजही पूर्णपणे शक्य नाही. जलाशयातून पाणी केव्हा व किती सोडायचे हा निर्णय हवामानशास्त्रज्ञाच्या हाती नव्हता. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने पुढे जलाशय-व्यवस्थापनातील त्रुटींवर बोट ठेवले. असे असूनही, 'हवामान खात्याने नीट सांगितले नाही' ही तक्रार अशा प्रत्येक प्रसंगी सर्वांत आधी कानी येते. अंदाज काय सांगू शकतो, काय सांगू शकत नाही आणि त्यावरून निर्णय घेण्याची जबाबदारी कोणाची, हे समाजाला आधीपासून माहीत नसले, की संकटानंतर सारे खापर एकाच डोक्यावर फुटते.

आपल्याकडे पाहा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच काळात पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. एकाच शहरात जवळजवळ तेरापटींचा फरक. हे आकडे आपण स्मरणिकेसारखे दरवर्षी उद्धृत करतो, पण त्यांतून मिळणारा धडा मात्र सांगत नाही. तो असा : अतिवृष्टी हा बहुधा लहान क्षेत्रात घडणारा प्रकार असतो आणि 'मुंबईत किती पाऊस पडेल' या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर असूच शकत नाही. ही गोष्ट दोन नकाशे दाखवून तीन मिनिटांत समजावता येते. समजावणारा मात्र हवा.

भाषेचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. हवामान विभागाच्या मराठी पत्रकांत 'तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता' हे वाक्य नेहमी आढळते. सामान्य वाचक 'तुरळक' हा शब्द पाहतो आणि पाऊस तुरळक असेल असे समजून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात येथे 'तुरळक' हे ठिकाणांचे विशेषण आहे, पावसाचे नाही. विभागाच्या परिभाषेत त्याचा अर्थ ठरलेला आहे : त्या हवामान-उपविभागातील २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. त्यापुढे ५१ ते ७५ आणि ७६ ते १०० अशा पायऱ्या आहेत. 'मुसळधार' हाही अलंकारिक शब्द नाही. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. म्हणजे 'कोकण आणि गोवा' या उपविभागासाठी ते वाक्य आले, तर त्याचा आशय असा होतो, की या लांबलचक पट्ट्यातील थोड्याच ठिकाणी, पण तेथे अतिशय जोराचा पाऊस पडू शकतो. इशारा गंभीर आहे; वाक्य मात्र कानाला सौम्य लागते.

बातम्यांमध्ये 'कमी दाबाचे क्षेत्र' आणि 'कमी दाबाचा पट्टा' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिले बंद वर्तुळासारखे, भोवती वारे फिरवणारे असते. दुसरा लांबट, द्रोणीसारखा असतो. दोहोंचे परिणाम वेगळे असतात. रंगांची कथाही अशीच आहे. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग प्रामुख्याने काय करावे हे सांगण्यासाठी योजले आहेत : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. लोक मात्र ते पावसाच्या मिलिमीटरांचे मापक समजतात, आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी आपल्या गल्लीत पाऊस झाला नाही, की 'इशारा फसला' असा निष्कर्ष काढतात. हे अज्ञान लोकांचे नाही. त्यांना कोणी रोज, पुनःपुन्हा, न कंटाळता समजावून सांगितलेलेच नाही.

परिभाषेतील असे अंतर किती महाग पडते, याचे उदाहरण म्हणजे २०१७ चे 'ओखी' चक्रीवादळ. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळच्या समुद्रात तीव्र कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आणि एका दिवसाच्या आत, ३० नोव्हेंबरला, कन्याकुमारीच्या दक्षिणेस त्याचे चक्रीवादळ झाले. कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम या जिल्ह्यांतील मच्छीमार खोल समुद्रात अनेक दिवसांसाठी जातात. त्यांतील कित्येक तोवर किनाऱ्यापासून फार दूर गेले होते. शेकडो जण मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. नंतर वाद झाला. चक्रीवादळाचा इशारा उशिरा मिळाला, असे केरळ शासनाचे म्हणणे. समुद्रात जाऊ नये असा इशारा आम्ही आधीच दिला होता, असे हवामान विभागाचे म्हणणे. दोन्ही विधाने आपापल्या जागी समजण्यासारखी आहेत, आणि हीच खरी अडचण आहे. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला, की परिभाषेत 'चक्रीवादळ' म्हणायचे; ६१ पर्यंत म्हणायचे नाही. शास्त्राच्या दृष्टीने ही सीमा आवश्यक आहे. पण मच्छीमाराच्या लहान नौकेला ताशी ५५ किलोमीटरचा वाराही घातक ठरतो. तांत्रिक संज्ञा आणि प्रत्यक्ष धोका यांतील हा फरक सांगणारा, मच्छीमाराच्या बोलीत बोलणारा आणि त्याच्या ओळखीचा आवाज त्या दिवशी किनाऱ्यावर असता, तर भर समुद्रातील नौकांपर्यंत तो कदाचित पोहोचला नसता. तेथे संपर्कसाधनांचीच वानवा होती. पण जे त्या दिवशी नौका लोटण्याच्या तयारीत होते, त्यांच्यासाठी तो निर्णायक ठरू शकला असता.

याच्या उलट चित्र ऑक्टोबर २०१३ मध्ये ओडिशात दिसले होते. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्या राज्याने सुमारे १० हजार माणसे गमावली होती. 'फायलिन' आले तेव्हा काही परदेशी तज्ज्ञ भारतीय विभागावर वादळाची तीव्रता कमी लेखल्याचा आरोप करत होते. विभागाचे तत्कालीन महासंचालक एल. एस. राठोड आणि चक्रीवादळ इशारा शाखेचे प्रमुख मृत्युंजय महापात्र यांनी आपला अंदाज बदलला नाही, आणि तो माध्यमांसमोर दररोज, स्वतःच्या नावानिशी सांगितला. १२ ऑक्टोबरच्या रात्री वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आले; त्याची तीव्रता विभागाच्या अंदाजाच्या जवळ होती. दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. या यशाचे श्रेय प्रामुख्याने राज्य प्रशासनाच्या सिद्धतेला, निवाऱ्यांना आणि अंदाजाच्या अचूकतेला जाते. तरीही लोक घर सोडून निघतात ते कोणाच्या तरी शब्दावर. अंदाज करणाऱ्यानेच तो ठामपणे सांगितल्यामुळे त्या शब्दाला वजन आले होते.

इतर देशांनी या भूमिकेकडे कसे पाहिले? बीबीसीवर ११ जानेवारी १९५४ रोजी पडद्यावर प्रत्यक्ष उभे राहून हवामान सांगणारे पहिले निवेदक जॉर्ज काउलिंग हे ब्रिटिश हवामान कार्यालयातील शास्त्रज्ञच होते. उद्या वारा चांगला असल्याने कपडे वाळत घालण्यास दिवस योग्य आहे, असे त्यांनी त्या पहिल्याच कार्यक्रमात सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. समदाबरेषांचा नकाशा आणि अंगणातील दोरी यांची सांगड पहिल्याच दिवशी घातली गेली. अमेरिकेत आरंभीच्या काळात हवामान हा बातम्यांतील करमणुकीचा भाग झाला होता. त्यावर उपाय म्हणून अमेरिकी हवामानशास्त्र संस्थेने १९५० च्या दशकाच्या अखेरीस निवेदकांसाठी मान्यतामुद्रा सुरू केली, आणि २००५ पासून 'प्रमाणित प्रसारण हवामानशास्त्रज्ञ' ही अधिक कठोर पात्रता आणली. त्यासाठी हवामानशास्त्रातील पदवी, परीक्षा आणि प्रत्यक्ष निवेदनाचे परीक्षण अशा पायऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूस, या भूमिकेतील धोकाही ब्रिटननेच दाखवला. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी मायकेल फिश यांनी बीबीसीवर 'हरिकेन' येत नसल्याचे सांगितले, आणि त्याच रात्रीच्या वादळाने ब्रिटनमध्ये १८ जणांचा बळी घेतला. त्याच निवेदनात त्यांनी जोरदार वाऱ्यांचा उल्लेख केला होता. पण लोकांच्या लक्षात राहिले ते दुसरेच वाक्य. विशेष हे, की फिश यांना पडद्यावरून हटवले गेले नाही. चौकशी झाली, निरीक्षण-जाळे व इशारा-पद्धती सुधारली, आणि ते २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत हवामान सांगत राहिले. चुकीची चर्चा होऊ शकते, कारण ती चूक करणारा चेहरा ओळखीचा आहे, ही त्या व्यवस्थेची जमेची बाजू.

आपल्याकडे यंत्रणा दुभंगलेली आहे. हवामान विभागाचे अधिकारी पत्रकारांना काही वाक्ये सांगतात. वाहिनीवर त्यांतले वीस सेकंद दिसतात. उरलेला वेळ वादळी संगीत, फिरते नकाशे आणि 'महासंकट', 'हाहाकार' असे शब्द व्यापतात. निवेदक कुशल असतात, परंतु बहुतेकांना हवामानशास्त्राचे प्रशिक्षण दिलेले नसते, आणि आज हवामान सांगणारी व्यक्ती उद्या क्रीडावार्ता सांगत असते. ही पोकळी भरून काढण्यास समाजमाध्यमांवरील हौशी अभ्यासक पुढे आले. 'तमिळनाडू वेदरमॅन' या नावाने लिहिणारे प्रदीप जॉन हे त्यांतील ठळक उदाहरण. जिल्हावार, गल्लीच्या भाषेत, आकडेवारीसह आणि अफवांचे खंडन करत लिहिल्यामुळे त्यांना लाखो वाचक मिळाले. त्यांचे यश कौतुकास्पद आहे. मात्र त्याच वाटेने अर्धवट ज्ञानाचे, भीतीवर पोसलेले भविष्यवेत्तेही येतात, आणि रडारच्या एका चित्रावरून ढगफुटीची घोषणा करणाऱ्यांना कोणतेही उत्तरदायित्व नसते.

'आता भ्रमणध्वनीवरच इशारा येतो, मग माणूस कशाला?' हा आक्षेप मी समजू शकतो. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप किंवा आपत्तीच्या वेळी थेट भ्रमणध्वनीवर येणारे संदेश हे अत्यंत मोलाचे आहेत. पण संदेश माहिती देतो. तिचा अर्थ आधी शिकवलेला असावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : संकटकाळी एकच अधिकृत आवाज असावा, व्यक्तिमाहात्म्य वाढू नये. मलाही तसेच वाटते. म्हणूनच ही भूमिका संस्थेच्या आत, प्रशिक्षणासह आणि उत्तरदायित्वासह असावी, असे माझे म्हणणे आहे. रमणन यांची लोकप्रियता हा योगायोग होता. ते निवृत्त झाल्यावरही केंद्राचे काम चालू राहिले; परंतु तसा संवादक घडवण्याची पद्धत मात्र देशात कोठेही निर्माण झाली नाही. व्यक्तीवर अवलंबून राहायचे नसेल, तर तो व्यवसाय उभारावा लागेल.

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. हवामान विभागाच्या प्रत्येक प्रादेशिक केंद्रात त्या त्या राज्याच्या भाषेत रोज काही मिनिटे नकाशासह बोलणारे दोन-तीन प्रशिक्षित शास्त्रज्ञ असावेत आणि ते काम त्यांच्या पदोन्नतीत मोजले जावे. आज शोधनिबंध मोजला जातो, समजावलेला अंदाज मोजला जात नाही. कालचा अंदाज किती खरा ठरला, हे रोजच्या निवेदनात आधी सांगितले जावे. वाहिन्यांच्या निवेदकांसाठी विभागाने एक अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र सुरू करावे. प्रशिक्षण संस्था पुण्यात आहेच. आणि परिभाषेचे शब्द प्रत्येक भारतीय भाषेत पुन्हा एकदा कानाने तपासले जावेत, म्हणजे 'तुरळक'सारखा शब्द कोणाला फसवणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, या क्षेत्राचे दरवाजे वाटतात त्यापेक्षा अधिक आहेत. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन पदवी मिळवलेल्यांना वातावरणशास्त्राचे पुढील शिक्षण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, आंध्र विद्यापीठ, दिल्ली आणि भुवनेश्वर येथील आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी घेता येते. गतिकी, ऊष्मागतिकी, संख्यात्मक पद्धती आणि सांख्यिकी यांना पर्याय नाही. अंदाज सांगायचा असेल तर तो कसा होतो हे आधी कळले पाहिजे. पण त्यासोबत आपल्या भाषेत लिहिण्या-बोलण्याचा सराव दुय्यम मानू नका. '४० टक्के शक्यता' म्हणजे काय, हे आजीला, रिक्षाचालकाला आणि द्राक्षबागाईतदाराला प्रत्येकी दोन वाक्यांत सांगून पाहा. जमले नाही, तर तो विषय आपल्यालाही पुरता कळलेला नाही असे समजण्यास हरकत नाही.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. दीडशे वर्षांत त्याने आकाश वाचण्याची विद्या तारायंत्राच्या काळापासून महासंगणकापर्यंत आणली. चोवीस तास आधी वर्तवलेल्या चक्रीवादळाच्या मार्गातील सरासरी चूक आज शंभर किलोमीटरच्या आत आहे, ही सामान्य कामगिरी नाही. मात्र ज्याच्यासाठी हे सारे केले, तो शेतकरी, मच्छीमार किंवा शाळेत निघालेली मुलगी यांना तो अंदाज समजला, तेव्हाच तो पूर्ण झाला असे म्हणता येईल. तोवर सहा किलोमीटरच्या चौकटीतही आपण अर्धेच काम केलेले असेल.